घराचा कॅमेरा

आमच्या घरात माणसं पाच, लेकीचा टॅब धरला तर फोनही पाच, आणि फोटो तर हजारांनी. पण पुतण्याला कॉलेजात "माझं घर" अशा विषयावर थोडे फोटो लावायचे होते तेव्हा सगळ्यांचे फोन उघडून बसलो आणि दिसलं की घराचा असा फोटोच नाहीये कुणाकडे. माझ्या फोनमध्ये सगळी लेकच लेक, नवऱ्याच्या फोनमध्ये बिलं, पार्किंगचा खांब नंबर आणि ऑफिसातले व्हाइटबोर्ड, पुतण्याकडे त्याचे मित्र, लेकीच्या टॅबवर तिचं स्वतःचंच तोंड, आणि सासूबाईंच्या फोनमध्ये (मी त्यांना आई म्हणते, इथेही आईच म्हणते) लोकांनी पाठवलेली सुप्रभातं. आमची बाल्कनी, दुपारी ओट्यावर येणारं ऊन, आईंची भाजी निवडायची जागा, दारातल्या चपला, हे रोज डोळ्यासमोर असून कुणाच्याच फोनमध्ये नाही, कारण फोन ज्याचा त्याचा असतो, त्याला कुलूप असतं, आणि मग त्यातले फोटोही ज्याचे त्याचेच होऊन बसतात.

तेव्हा मनात आलं की घराला एक कॅमेरा पाहिजे. माझा नको, नवऱ्याचा नको, घराचा. घरात कात्री असते ना, ती कुणा एकाची नसते, लागेल तो घेतो आणि काम झालं की जागेवर ठेवतो, तसा. दाराजवळ किल्ल्यांची फळी आहे तिथे राहील, कुणीही उचलावा, कुणाचाही फोटो काढावा.

घरात बोलले तर पहिलं सगळे हेच म्हणाले की मग जुना फोन पडलाय ना कपाटात, तोच ठेव. मी विचार केला त्यावर, पण जुना फोन म्हणजे तो चार्ज ठेवा, त्याला वायफाय लागलं की लेक त्यावर गेम टाकणार, कुणीतरी सिम घालणार, आणि दोन महिन्यांत तो परत कुणा एकाचा होणार. कॅमेऱ्याला फोटो काढण्यापलीकडे काही येतच नाही आणि मला नेमकं तेच हवं होतं.

घ्यायचा कुठला हा पुढचा प्रश्न. नवे छोटे कॅमेरे बाजारात आता फार कमी उरलेत. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० साली कारखान्यातून बाहेर पडलेले डिजिटल कॅमेरे १२ कोटींच्या वर होते आणि त्यातले बहुतेक हे असे खिशातलेच, २०२३ मध्ये तोच आकडा छोटे मोठे सगळे मिळून साधारण ७७ लाखांवर आलेला. फोनने हा धंदाच खाल्ला. जे चांगले नवे मिळतात ते लाखाच्या आसपास, आणि लेकीच्या हातात आणि आईंच्या हातात निर्धास्त द्यायचा तर लाखाचा कॅमेरा काय कामाचा, सगळा वेळ "जपून गं, जपून" करण्यातच जाणार. म्हणून जुना घ्यायचं ठरवलं.

जुन्यात पण मी चार गोष्टी धरून ठेवल्या होत्या. एक म्हणजे साधे पेन्सिल सेल, एए मापाचे, चालले पाहिजेत, कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याची स्वतःची खास बॅटरी असेल तर ती आता मेलेली असते आणि नवी मिळाली तर कसली मिळेल सांगता येत नाही, पेन्सिल सेल मात्र गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. दुसरं, कार्ड साधं एसडी पाहिजे, त्या काळात काही कंपन्यांची एक्सडी आणि मेमरी स्टिक अशी वेगळी कार्डं असायची, ती आता शोधत फिरावं लागतं. तिसरं, हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझर. आणि चौथं, डोळा लावून बघायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर. ही चौथी गोष्ट मी उगाच, जुन्या सवयीने मागत होते, पण पुढे तीच सगळ्यात कामाची निघाली, सांगते ते.

एका शनिवारी डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरून फोर्टात बोरा बाजारात गेले, तिथे कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. जाताना पर्समध्ये भरलेले सेल, एक कार्ड आणि छोटी टॉर्च घेऊन गेले होते आणि जुना कॅमेरा घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे घेऊन जावं असं मी सांगीन. टॉर्च लेन्सवर तिरकी मारायची, आत बुरशी असेल तर बारीक जाळं दिसतं, आपल्याकडच्या हवेत हे फार असतं. मग सेलचं झाकण उघडून आतल्या पत्र्या बघायच्या, हिरवट पांढरं काही साचलेलं असेल तर कधीतरी सेल आत गळलेले आहेत. झाकणाची कडी नीट बसते का तेही बघायचं, सेलवाल्या कॅमेऱ्यांत ती पहिली झिजते. मग चालू करून झूम पूर्ण पुढे पूर्ण मागे करायचा आणि कान देऊन ऐकायचं, आवाज एकसारखा पाहिजे, मध्येच अडखळायला नको. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो, त्यात डाग दिसला तर आत धूळ आहे. लेन्सवर तळहात धरून एक काळा फोटो, त्यात रंगीत ठिपके चमकले तर सेन्सरचे ते ठिपके गेलेले. फ्लॅश दोन-तीनदा उडवून बघायचा. दुकानदार काका शांतपणे सगळं करू देत होते, उलट एक कॅमेरा त्यांनीच बाजूला काढला आणि म्हणाले हा नको ताई, याची लेन्स कधी आत जाते कधी जात नाही.

शेवटी घेतला तो कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस, २००७ सालचा. सात पूर्णांक एक मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल, मागे अडीच इंचाचा स्क्रीन आणि वर ती खिडकी. उजवीकडे सेलची जागा असल्यामुळे तिथे जाडसर फुगीर पकड आहे, आईंच्या बोटांना ती बरोबर बसते. सात मेगापिक्सेल ऐकून पुतण्याचा चेहरा पडला होता, पण ३०७२ बाय २३०४ ठिपक्यांचा फोटो म्हणजे चांगल्या छपाईत दहा इंच रुंद निघतो, आणि आम्हाला भिंतीएवढे फोटो लावायचेच नव्हते.

सेलचं जरा सविस्तर सांगते कारण बरेच जण इथेच वैतागून असा कॅमेरा माळ्यावर टाकतात. घड्याळात घालतो ते साधे सेल यात घातले की चार-सहा फोटोंत बॅटरी संपली म्हणून कॅमेरा बंद होतो, आणि तेच सेल काढून घड्याळात घातले तर महिनोन्महिने चालतात. सेल खराब नसतो, कॅमेऱ्याला लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश भरताना एकदम जास्त करंट लागतो, तेवढा साध्या सेलला देता येत नाही, त्याचा विजेचा दाब खाली बसतो आणि कॅमेऱ्याला वाटतं संपला. याला निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल लागतात, त्यातही पडून राहिले तरी लवकर न उतरणारे. सॅन्योने २००५ साली एनेलूप नावाने ते आणले, त्याच्या आधीचे रिचार्जेबल नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत रिकामे व्हायचे. आता तसे सेल बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. मी दोन जोड्या घेतल्या, एक आत आणि एक डबीत, आणि घरात नियम असा की भरलेले सेल डबीत टोक वर करून ठेवायचे आणि संपलेले टोक खाली करून. हा नियम लेकीने सगळ्यात कडक पाळला, संपलेला सेल टोक वर करून दिसला की ती बाबांना हाक मारून दाखवते.

सेटिंग मी एकदाच बसून केलं आणि नंतर कुणी हात लावू नये अशी व्यवस्था केली. तारीख-वेळ बरोबर लावली, आतला बारीक बटण सेल नवा घातला, नाहीतर मोठे सेल बदलले की तारीख जाते आणि मग सगळे फोटो भलत्याच वर्षाचे होतात. फाइल नंबर सलग ठेवला, म्हणजे कार्ड रिकामं केलं तरी पुढचा नंबर पुढेच जातो, परत एकपासून सुरू होत नाही आणि कॉम्प्युटरवर एकाच नावाचे दोन फोटो होत नाहीत. टुंग टुंग आवाज बंद. फ्लॅश बंद. डायल पी वर, कारण पूर्ण ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा आपल्या मनाने फ्लॅश उडवतो, पी वर आपण बंद केलेला बंदच राहतो. डायल कुठे असायला हवा हे सगळ्यांना कळावं म्हणून आईंनी त्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून पी च्या शेजारी चिकटवली, ती अजून आहे, मधे एकदा पडली तर नवी लावली.

कार्डाचं पण एक, नवीन दुकानात जाऊन एसडी द्या म्हटलं की ६४ जीबीचं किंवा त्यापुढचं देतात, ते एक्ससी जातीचं असतं आणि एवढा जुना कॅमेरा ते वाचत नाही. ३२ जीबीपर्यंतचं एचसी चालतं. मी चारचं घेतलं. एक फोटो साधारण तीन एमबीचा होतो, चार जीबीत हजाराच्या वर मावतात, आणि कार्ड लहान असलं की आपण ते वेळच्या वेळी रिकामं करतो.

आता खरी गोष्ट. कॅमेऱ्याला माहीत नसतं की आत्ता तो कुणाच्या हातात आहे. पहिल्या आठवड्यात कार्ड उतरवलं तर फोटो छान छान पण कुठला कुणी काढला पत्ता नाही, पुतण्या म्हणतो मी, लेक म्हणते मी. मग पुतण्यानेच तोड काढली, कॅमेरा उचलला की पहिला फोटो आपल्या तळहाताचा. आता कार्ड उघडलं की मधे मधे हात येतात, लेकीचा पेनाने रंगवलेला, नवऱ्याचा अंगठीवाला, आईंचा, त्यात मनगटावरच्या हिरव्या बांगड्या आणि अंगठ्यावर विळीची जुनी खूण, आणि हाताच्या पुढचे फोटो त्या माणसाचे.

आई आधी हात लावेनात. फोनवर त्यांना फोटो काढायचा कंटाळाच होता, कारण स्क्रीनवर बघायचं तर जवळचा चष्मा लागतो, आणि जवळचा चष्मा लावला की समोरचं माणूस धूसर, मग चष्मा वर ढकल, खाली आण, तेवढ्यात माणूस निघून गेलेलं. त्यांना मी ती खिडकी दाखवली. खिडकीतून बघताना नजर लांब बघते तशीच राहते, चष्मा काढायचा घालायचा प्रश्नच नाही. त्यांनी डोळा लावला, जरा गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर दिसतंय." मग अर्धं बटण शिकवलं, बटण अर्धं दाबून थांबायचं, खिडकीच्या शेजारचा दिवा हिरवा स्थिर झाला की पूर्ण दाबायचं. हे त्यांना दोन मिनिटांत जमलं. एकच अडचण, खिडकी लेन्सच्या जरा वर आणि बाजूला असते, त्यामुळे लांबचं बरोबर येतं पण हातभर अंतरावरचं काढायला गेलं की बघतो एक आणि येतं दुसरं, शिवाय खिडकीत दिसतं त्यापेक्षा फोटोत चारी बाजूंनी जास्तच येतं. तर जवळचं असेल तेव्हा स्क्रीन आणि चष्मा, बाकी सगळं खिडकी, असं त्यांचं त्यांनी बसवून घेतलं.

आणि त्यांनी काढलेले फोटो! मला वाटलं होतं नातवंडांचे काढतील. त्यांनी काढला कढीपत्त्याच्या कुंडीचा, कारण त्याला नवी पालवी आली होती. जिन्यात झाडू मारणाऱ्या मावशी टेकून बसल्या होत्या त्यांचा, विचारून, त्यांच्याशी बोलत बोलत. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा, झूम पूर्ण पुढे करून. या झूमचं कौतुक करायला हवं, छोट्या कॅमेऱ्यात काचा खरोखर पुढे मागे होतात, फोन बऱ्याचदा आहे तोच फोटो ताणून मोठा करतो, पापडावरचे जिऱ्याचे ठिपके पण दिसतायत त्यात.

लेकीचे फोटो सगळे तिच्या उंचीवरून. टेबलाखालचं जग, आमच्या हनुवट्या, फ्रिजच्या खाली गेलेला चेंडू. तिला फुलाचं चिन्ह असलेलं बटण कळलं, ते दाबलं की पाच सेंटिमीटरवरचं पण स्पष्ट येतं, मग काय, साखरेचा दाणा ओढणारी मुंगी, आजोबांच्या जुन्या घड्याळाचा काटा, स्वतःच्या गुडघ्यावरची खपली. दोरी मनगटात घातल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही एवढा एकच नियम तिला आहे.

आणि मी. मी आमच्या घरातली फोटो काढणारी बाई, त्यामुळे मी फोटोत नसायचेच, असले तर लग्नात नटून. आता मी पोळ्या लाटताना, मी फोनवर कुणाशी तरी वैतागून बोलताना, मी दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपलेली असे फोटो आहेत, नवऱ्याने काढलेले, आणि ते बघून मला फार बरं वाटलं, हे मी साध्या शब्दांत सांगते. याची लेन्स फार रुंद बघत नाही, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळे मावायचे तर काढणाऱ्याला दारात जाऊन उभं राहावं लागतं, म्हणून आमच्या घरातल्या बऱ्याच फोटोंना कडेने दाराची चौकट आहे. मला ते आवडायला लागलंय.

पाऊस सुरू झाला तशी काळजी वाढली. दमट हवेत कॅमेरा बंद कपाटात पडून राहिला की लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून जूनपासून तो रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी घ्यायची, कोरडी असताना निळी, पाणी प्यायली की गुलाबी होते, मग मंद आचेवर जुन्या तव्यात जरा गरम केली की परत निळी (तो तवा वेगळाच ठेवायचा, स्वयंपाकाला नाही). दिवसा मात्र फळीवरच, वापरात असलेला कॅमेरा कमी बिघडतो असं माझं मत झालंय.

गणपतीला आम्ही कुडाळकडे गावी जातो. रात्रभर एसी डब्यात थंड झालेला कॅमेरा पहाटे स्टेशनवर बाहेर काढला की सगळा घामाघूम होणार, काचेवर आतून बाहेरून वाफ, म्हणून गाडीतच तो प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केला आणि घरी पोचून तासभर झाल्यावर उघडला. हे कुणीही करा, फुकटचा उपाय आहे.

गावच्या घरात उजेड कमी. माजघरात दिवसाही अंधारच, आणि गणपतीच्या वर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं, हरणं, शेरवडं अशी फळं-फुलं सगळी टांगलेली, मागच्या भिंतीवर काकांनी रंगवलेलं चित्र. फ्लॅशने काढला तर पुढचं सगळं पांढरं फटक आणि मागे काळोख, फ्लॅश जेमतेम तीन-साडेतीन मीटर पोचतो. फ्लॅश बंद ठेवून हातात धरून काढला तर हललेला. मग स्टुलावर पाट, पाटावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का पण निघून जातो, डायल टीव्ही नावाच्या खुणेवर (तिथे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपण ठरवतो) नेऊन एक सेकंदाची वेळ, आणि टेकवून ठेवलाय तर स्टॅबिलायझर बंद. पांढऱ्या रंगाचं सेटिंग ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा समईचा पिवळा उजेड धुऊन टाकायला बघतो, तिथे सूर्याचं चिन्ह निवडलं की पिवळा पिवळाच राहतो. तो फोटो आला आणि घरातली सगळी स्क्रीनभोवती जमली. गणपती, माटवी, भिंतीवरचं चित्र सगळं लख्ख, आणि आरतीला टाळ्या वाजवणारे हात तेवढे पुसट.

लाल रंगाने मात्र बराच वेळ घेतला. गणपतीला वाहिलेली जास्वंद फोटोत नुसतं लाल डबकं दिसत होती, पाकळी कुठली कळेना. छोट्या सेन्सरचं असं होतं, बाकी उजेड बरोबर असला तरी एकटा लाल भरून ओसंडतो आणि त्यातलं बारीक काम सगळं जातं. फोटोतला उजेड कमीजास्त करायचं अधिक-उणेचं सेटिंग असतं ते उणे दोन तृतीयांशावर नेलं, फोटो एकूण जरासा काळपट झाला, पण जास्वंदीच्या पाकळीवरच्या शिरा दिसल्या, मधला दांडा आणि त्यावरचे पिवळे परागकण सुटे सुटे दिसले. कुंकू, गुलाल, लाल शालू, सगळ्याला आता मी हेच करते.

रात्री फुगड्या. तिथे पाटबिट चालत नाही. पुतण्याने स्लो सिंक्रो चालू केलं, त्यात शटर जरा जास्त वेळ उघडं राहतं आणि फ्लॅश पण उडतो, मग चेहरे जागच्या जागी पकडले जातात आणि मागचे दिवे, पदर सगळे गोल फिरलेले येतात. फ्लॅशवर त्याने टिश्यू पेपरची एक घडी बोटाने धरली होती म्हणजे उजेड अंगावर येत नाही. अंगणात पाऊस होता तेव्हा मात्र फ्लॅश लावायचा नाही, तो लेन्सला इतका चिकटून असतो की जवळचा प्रत्येक थेंब पांढरा गोळा होऊन येतो, कापराच्या धुराचंही तेच.

कॅमेरा या हातातून त्या हातात फिरत होता, शेजारच्या काकींनी आईंना विचारलं, "गो, ह्यो कॅमेरो कोणाचो?" आईंनी सांगितलं, "घराचो." मग काकींनी पण घेतला आणि आधी तळहाताचा फोटो काढायचा हे त्यांना आमच्या लेकीने शिकवलं. त्या वर्षीच्या कार्डात गावातले कितीतरी तळहात आहेत, त्यातले काही कुणाचे हे आईंनाच ओळखता येतात.

फोटो उतरवायचं काम माझ्याकडे. महिन्याचा एक फोल्डर, लॅपटॉपवर एक प्रत आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि पुसायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. गावी लॅपटॉप नव्हता तर फोनला लावायचा छोटा कार्ड रीडर नेला होता. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवते, नाहीतर ते फोटो चेपून टाकतं आणि मग लोक म्हणतात जुना कॅमेरा आहे म्हणून असं दिसतंय.

पण घराचा कॅमेरा तर फोटो पण घराला दिसले पाहिजेत, म्हणून छापायचे. इथे एक गोष्ट स्टुडिओत कुणी आपणहून सांगत नाही. अशा कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन मापाचा असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोनचा. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच लागते आणि कागद चारच इंच, म्हणजे वरखाली मिळून अर्धा इंच कापला जाणार, आणि वरचं कापतात ते बहुतेक वेळा उंच माणसाचं डोकं. तर एकतर सांगायचं की पूर्ण फोटो बसवा, कडेला पांढरी पट्टी राहिली तर राहू दे, किंवा पाच बाय सातवर छापायचा, त्यात फार थोडं जातं. आम्ही पाच बाय सात घेतो.

छापायचे कुठले यावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे लॅपटॉपसमोर बसतात, प्रत्येकाची दोन मतं आणि स्वतःच्या फोटोला मत द्यायचं नाही. दिवाळीच्या महिन्यात करंजीच्या फोटोवरून वाद झाला. आई करंजीला मुरड घालतात, कातण फिरवत नाहीत, आणि पुतण्याने तो फोटो फुलाच्या बटणावर अगदी जवळून काढलाय, कडेला अंगठा आणि तर्जनी, चिमटीत पातळ पारी, आधीच्या मुरडी ओळीने एकसारख्या आणि चालू असलेली अर्धी वळलेली, नखाच्या कडेला मैदा लागलेला. मला तो सगळ्यात आवडला होता. आईंना नको होता, त्यांचं म्हणणं तोंड नाही दिसत तर तो फोटो कसला, आणि त्यांनी मत दिलं ते लेकीच्या फोटोला, ज्यात आम्ही पाटावर बसलेल्या सगळ्या जणी खालून दिसतोय आणि नणंदेचे डोळे मिटलेत. शेवटी दोन्ही छापले. नणंदेने तिचा बघितला, डोळ्यांबद्दल काही बोलली नाही, तिला पण त्यांच्या घरासाठी असाच कॅमेरा हवाय, पुढच्या शनिवारी आम्ही दोघी बोरा बाजारात जातोय, सेल मी भरून ठेवलेत.